तासगावहून दापोलीच्या वाडीत जुना मिनी ट्रॅक्टर न्यायचाय: घेताना काय तपासू, गाडी कोणती लावू?

कातळवाट:
नमस्कार मंडळी. दापोलीपासून १४ किमीवर वडिलोपार्जित सव्वादोन एकर आहे. हापूसची ४० कलमं, कडेने काजू, खाली मळ्यात भाताची ५ खाचरं आणि दोन खोल्यांचं घर. राहणं पुण्यात, महिन्यातून दोन फेऱ्या. कलमांखालची साफसफाई, भाताची नांगरणी-चिखलणी आणि चिरे, खत, लाकूड वर आणणं एवढंच काम.

तासगावजवळ द्राक्षबागेतला कुबोटा बी २४४१ पाहिलाय. २०१९ चा, २४ एचपी, फोर व्हील (चारही चाकांना इंजिनचा जोर), मीटरवर १,९१० तास. ४ फुटी रोटाव्हेटरसकट ३ लाख ४० हजार सांगतात.

अडचण शेवटच्या टप्प्याची. डांबरी रस्ता संपल्यावर ७०० मीटर कच्चा रस्ता, मध्ये पऱ्यावर (ओढ्यावर) ६ फूट रुंद साकव (छोटा पूल), लगेच चढ आणि वळण. तर: (१) या ट्रॅक्टरचं काय काय बघू? (२) कशातून आणू? (३) कागद कोणते?

पाना_१२_१३:
द्राक्षबागेतला ट्रॅक्टर बाहेरून नेहमी बरा दिसतो, कारण तो नांगराला कमी आणि ब्लोअरला (फवारणी यंत्राला) जास्त चाललेला असतो. म्हणून टायर आणि रंग बघून फसू नका. त्याची झीज पीटीओत (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टमध्ये), क्लचमध्ये आणि वायरिंगमध्ये असते.

आधी मीटर. सहा वर्षांत १,९१० म्हणजे वर्षाला सव्वातीनशे तास. घरच्या तीन-चार एकर बागेपुरता वापरला असेल तर पटण्यासारखं आहे. पण मालक दुसऱ्यांच्या बागेत भाड्याने फवारणी मारत असेल तर हा आकडा विसरा, मीटर बदलून मिळतो. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरच्या दांड्याची मूठ आणि सीटखालचा पत्रा मीटरपेक्षा खरं बोलतात.

जायच्या आधी सांगून ठेवा की ट्रॅक्टर सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर चहा घ्या, दोन तास थांबा. थंड इंजिन हीटर देऊन दोन-तीन प्रयत्नांत लागलं पाहिजे. सुरुवातीचा पांढुरका धूर मिनिटभरात जायला हवा. निळा धूर राहिला तर इंजिन ऑइल खातंय. मग ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच तोंडावर ठेवा. जागेवर थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

डिपस्टिक दोन असतात, इंजिनची आणि गिअरबॉक्सची. गिअरबॉक्सचंच तेल हायड्रॉलिकला जातं. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. नुसतं तेल बदलून भागत नाही, पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं.

लिफ्ट: रोटाव्हेटर पूर्ण उचला, इंजिन बंद करा, जमिनीपासूनचं अंतर टेपने मोजा. दहा मिनिटांनी परत मोजा. बोटभर उतरला तर चालेल. पाच मिनिटांत जमिनीला टेकला तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह, तो खर्च भावातून कापा.

पुढचा अ‍ॅक्सल: जॅक मधोमध लावून चाकं उचला. चाक वर-खाली धरून हलवा, मग अख्खा अ‍ॅक्सल पुढे-मागे. पहिल्यात खेळ असेल तर बेअरिंग, दुसऱ्यात सेंटर पिनचं बुश. चाकाच्या आतल्या बाजूला तेलात माखलेली माती चिकटलेली असेल तर ऑइल सील गळतंय. चिखलणीला हीच जागा सगळ्यात आधी जाते, कारण तेल बाहेर येतं त्याच वाटेने चिखल आत जातो.

आणखी एक, जे बहुतेक जण बघत नाहीत: चारही टायर कंपनीने दिलेल्याच मापाचे आहेत का? फोर व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचं गणित ठरलेलं असतं. कोणी मागचे टायर वेगळ्या मापाचे टाकले असतील तर फोर व्हील लावल्यावर पुढची चाकं घासत ओढली जातात आणि गिअर खातात.

शेवटी वायरिंग. बोर्डो (मोरचूद-चुना) आणि गंधकाच्या फवाऱ्याने टर्मिनल हिरवी पडतात. बॅटरीची क्लॅम्प, स्टार्टरची वायर आणि रेडिएटरमागचे कनेक्टर काढून बघा. रेडिएटरच्या जाळीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.

खाचरवाला:
विचारलं नाहीत तरी सांगतो. खाचरं केवढी आहेत? दोन-तीन गुंठ्यांची असतील तर २४ एचपीचा ट्रॅक्टर वळण्यातच अर्धं खाचर जातं, कोपरे परत फावड्याने. अशा ठिकाणी पॉवर टिलर सरस. तो एका खाचरातून दुसऱ्यात दोन माणसं आणि एक फळी लावून उतरतो.

ट्रॅक्टर घ्यायचाच असेल तर कलमं आणि वाहतूक यासाठी घ्या, भात हा वरचा फायदा समजा. आणि खालच्या फांद्यांची उंची मोजा. मागची संरक्षक कमान दुमडणारी आहे का बघा. बागेत दुमडली तरी बांध चढता-उतरताना उभीच पाहिजे.

घाटउतार:
खाचरवाल्यांशी सहमत, पण वर चिरे आणि खत न्यायचं म्हणजे टिलर पुरणार नाही. मी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

ट्रॅक्टर चालवत आणायचा विचारही करू नका. सव्वादोनशे किमीच्या आसपास अंतर आणि या मॉडेलचा वेग ताशी जेमतेम २०.

वजनाचा हिशोब: ट्रॅक्टर ६३० किलो धरा, ४ फुटी रोटाव्हेटर २०० ते २५०, पुढची वजनं, फळ्या, साखळ्या. हजाराच्या आसपास जातं. मागच्या टायरांत पाणी भरलेलं असेल तर अजून शंभरेक. व्हॉल्व्ह खाली आणून दाबून बघा, पाणी आलं तर तिथेच सोडून द्या.

यासाठी दीड टन किंवा १.७ टनाची ९ फुटी हौद्याची पिकअप बरोबर. ट्रॅक्टर लांबीला अडीच मीटरच्या आत आणि रुंदीला साडेतीन फुटांच्या आसपास, त्यामुळे आरामात बसतो. १४ फुटी आयशर घाटात बरी, पण तुमच्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी वळणार नाही.

रस्ता: कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड, दापोली. पावसाळ्यात नको. कुंभार्लीत आणि पुढे परशुराम घाटात दरडींचा भरवसा नाही. एप्रिल-मे सगळ्यात चांगला. आंब्याच्या गाड्या वर बाजाराला जातात आणि रिकाम्या परततात, अशी परतीची गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं. फक्त सौदा करताना चढवण्या-उतरवण्याची हमाली धरून का वेगळी, हे आधी बोला.

कातळवाट:
खूप आभार. खाचरं ४ ते ६ गुंठ्यांची आहेत. विकणारे म्हणतात छोट्या हत्तीत (टाटा एस) बसतो, आम्ही नेहमी नेतो. निम्म्या पैशात होतंय. आणि चढवताना तोंड कुठे ठेवायचं?

घाटउतार:
बसतो हो. बसणं वेगळं आणि घाट उतरणं वेगळं. टाटा एसचा हौदा साधारण ७ बाय ५ फूट आणि क्षमता पाऊण टन. ट्रॅक्टर एकटाच कसाबसा त्यात येतो, रोटाव्हेटर कुठे ठेवणार? तासगाव ते पलूस सपाटीवर नेतात म्हणून कुंभार्लीत जमेल असं नाही. उंच वजन, अरुंद गाडी आणि उताराची आवळ वळणं.

आता चढवणं. अपघात होतो तो इथे, रस्त्यात क्वचित.

पिकअपचा हौदा जमिनीपासून पावणेतीन-तीन फूट. १० फुटी फळ्या लावल्या तर चढ १७ अंशांच्या आसपास येतो, ६ फुटी लावल्या तर ३०. सहा फुटी घेऊन कोणी आलं तर परत पाठवा. त्याहून चांगलं म्हणजे बांध किंवा धक्का शोधून गाडी मागे लावणं. फळीची गरजच कमी होते.

फाळका (हौद्याचं मागचं झडप) काढून ठेवा, फळी त्याच्यावर टेकवू नका. फळीचं वरचं टोक साखळीने हौद्याला बांधा. का, ते सांगतो: ट्रॅक्टरचं जड चाक हौद्याच्या काठावर आलं की गाडीची शेपूट दबते, तोंड उचलतं, आणि त्याच क्षणी मोकळी फळी मागे सरकते. म्हणून शेपटीखाली दोन्ही बाजूंना ठोकळे द्या आणि पिकअपच्या पुढच्या चाकांना पाचर.

ट्रॅक्टर उलटा, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवायचा. रोटाव्हेटर सोडलेला. जड बाजू वरच्या अंगाला राहते, त्यामुळे तोंड उचलून मागे पालथा पडायची भीती नाही. फोर व्हील लावलेली, सगळ्यात हळू गिअर, दोन्ही ब्रेक पेडल एकत्र कुलूप केलेले. फळीवर असताना क्लचला पाय लावायचा नाही. चुकलंय असं वाटलं तरी नाही. क्लच दाबला की इंजिनची पकड सुटते आणि ट्रॅक्टर घरंगळतो. उतरवताना तोंड पुढे, तोच गिअर, फोर व्हील तशीच. ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि उतारावर मागची चाकं हलकी पडतात. फोर व्हील लावलेली असली तर पुढची चाकंही धरून ठेवतात.

बांधताना चार ठिकाणी, पुढच्या अ‍ॅक्सलच्या बीमला आणि मागच्या अ‍ॅक्सल हाउसिंगला. साखळी व टर्नबकल किंवा रॅचेट पट्टा. स्टिअरिंगच्या रॉडला किंवा लिफ्टच्या हातांना बांधू नका. नायलॉनची दोरी २० किमीत सैल होते. पाटणला थांबून परत आवळा, घाट सुरू व्हायच्या आधी. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, डिझेलचा कॉक बंद. रोटाव्हेटर हौद्यात वेगळा आडवा, त्याची पाती टायरपासून लांब.

साकवाचं: भरलेली पिकअप त्यावर नेऊ नका. गाडीचं स्वतःचं वजन धरून तीन टन होतील, आणि बहुतेक साकव माणसं आणि दुचाकी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले असतात. डांबरी रस्त्याच्या टोकाला उतरवा. चिरे रचून तिथेच कट्टा करता येईल. ट्रॅक्टर एकटा साकवावरून जाईल, तरी आधी खाली उतरून स्लॅबला भेगा, उघडे गज आणि कडेचा खचलेला भराव बघा. रोटाव्हेटर दुसऱ्या फेरीत, साकवाच्या पलीकडे जोडून नव्हे तर अलीकडेच जोडून न्या, म्हणजे चढावर थांबून जोडणी करावी लागणार नाही. जमिनीपासून वीतभरच उचला. जास्त उचललात तर चढावर तोंड हलकं होतं.

सातबारा_उतारा:
कागदांचं थोडक्यात. आरसी बुक हातात घ्या, चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या कोरलेल्या नंबरांशी अक्षर-अक्षर जुळवा. ऑनलाइन आरसी तपासा. त्यावर बँकेचा बोजा दिसला तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेचा ना हरकत दाखला हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. "हप्ते फिटलेत" हे तोंडी चालत नाही.

मालकीहक्क बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. सांगलीचा एमएच-१० नंबर रत्नागिरीत तसाच राहतो. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. लोक हे राहू देतात आणि पहिल्याच अपघाताला जुना मालक आणि विमा कंपनी दोघंही हात वर करतात. सौद्याचा करार ५०० च्या स्टॅम्पवर, त्यात तारीख आणि वेळसुद्धा.

भावाबद्दल एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. नव्याचा भाव उतरला, पण जुन्याचे विकणारे अजून आधीच्या नव्याच्या किमतीवरून हिशोब सांगतात. डीलरकडून आजचं कोटेशन घेऊन जा आणि समोर ठेवा. नवा घ्यायचं ठरलं तर महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा, आधी घेतला तर अनुदान नाही.

वाडीतला गडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणार असेल तर त्याच्याकडे किमान एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स हवं.

पाना_१२_१३:
राहिलेल्या दोन गोष्टी. रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असेल तर तसेच दहा-बारा जादा घेऊन ठेवा. जांभ्यात पातं अडकलं की तो तुटतो, आणि तुटायलाच दिलेला आहे. दापोलीत मिळाला नाही म्हणून कडक बोल्ट टाकलात तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जाईल.

आणि तुम्ही पंधरा-पंधरा दिवस नसणार. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून जा, डिझेल टाकी भरून ठेवा म्हणजे पावसाळ्यात आत दव साचत नाही, सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला. बॉनेटखाली भाताचा पेंढा किंवा रिकामं पोतं ठेवू नका, उंदीर आधी तिथे घर करतात आणि मग वायरिंग कुरतडतात. चावी फिरवण्यापूर्वी बॉनेट उघडून बघायचं, हे गड्यालाही सांगून ठेवा.

खाचरवाला:
४ ते ६ गुंठे असतील तर जमेल. मागची चाकं अजून द्राक्षाच्या ओळीसाठी आत घेतलेली असतील, ती बाहेरच्या मापावर करून घ्या, तासगावलाच, चढवायच्या आधी. हौद्यात तेवढी जागा आहे. आणि बांध आडवा ओलांडू नका, सरळ.