वरच्या मजल्याची खोली रात्री ११ लाही तापलेली असते, आधी काय करावं?

प्रश्न – पश्चिम_खिडकी

घर तळमजला अधिक एक. झोपायची खोली वर, १२ × १४ फूट, उंची १० फूट. वर पाच इंची आरसीसी स्लॅब, त्यावर कोबा नाही, फक्त सिमेंटचं घोटकाम, तेही आता काळपट झालंय. पश्चिमेला मोठी सरकती काच, उत्तरेला छताजवळ व्हेंटिलेटर, दार जिन्याच्या चौकात उघडतं. तळमजल्यावर एवढा त्रास नाही.

वर मात्र दुपारपेक्षा संध्याकाळी सातनंतर जास्त उकडतं. पंखा लावला की गरम हवा अंगावर येते. दीड टनाचा एसी आहे, पण मध्यरात्र उलटेपर्यंत खोली २६ अंशांवर येत नाही. कोणी मोठा एसी घ्या म्हणतं, कोणी फॉल्स सीलिंग, कोणी गच्चीला पांढरा रंग, तर कोणी रोज पाणी मारा. खर्च एकदम सगळ्यावर करायचा नाही. क्रम काय ठेवावा?

उत्तर – स्लॅबवाला

मोठा एसी यादीतून काढून टाका. १६८ चौरस फुटांना दीड टन कमी नाही. एसी हवा गार करतोय, पण डोक्यावरचं छत तापलेलं आहे तोवर ते खाली उष्णता फेकत राहणार.

हिशेब बघा. खोलीवरचा स्लॅब साधारण १५.६ चौरस मीटर आहे. भर उन्हाळ्यात दुपारी सपाट गच्चीवर चौरस मीटरला १००० वॉटच्या आसपास ऊन पडतं, म्हणजे तुमच्या खोलीवर १५ किलोवॉटच्या पुढे. काळपट सिमेंट त्यातलं ७० टक्के तरी पिऊन टाकतं. ते सगळं खाली येत नाही, बरंच वाऱ्याने आणि आकाशाकडे परत जातं, पण दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तरी साधारण ५ किलोवॉट उष्णताच बाहेर टाकतो. हे लक्षात घेतलं की लढाई कुठे आहे ते कळतं.

आणि संध्याकाळी का? पाच इंची काँक्रीटमधून उष्णता खाली उतरायला काही तास लागतात. दुपारचं ऊन छताच्या खालच्या बाजूला संध्याकाळी पोचतं. त्या वेळी बाहेर हवा निवत असते आणि छत सर्वात तापलेलं असतं.

खर्च करण्याआधी एक मोजणी करा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळवा आणि दुपारी ४, संध्याकाळी ७ आणि रात्री १० ला छत, पश्चिमेची भिंत, उत्तरेची भिंत आणि जमीन यांचं तापमान लिहून ठेवा. काचेवर किंवा चकचकीत धातूवर रोखू नका, तिथे आकडा चुकतो. हवं तर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा. छत उत्तरेच्या भिंतीपेक्षा पाच-सात अंश जास्त निघालं तर आधी गच्ची. पश्चिमेची भिंत छताच्या बरोबरीने असेल तर खिडकी आणि भिंत यांचंही काम लगेच घ्यावं लागेल.

उत्तर – रोलर_आणि_ब्रश

मोजणीत छत निघेल अशी खात्री वाटते, म्हणून पांढऱ्या लेपाचं नीट सांगतो. बहुतेक ठिकाणी लेप वाईट नसतो, खालची तयारी वाईट असते.

भिंतीचा बाहेरचा पांढरा रंग गच्चीवर मारू नका. पाणी साचलं की पोपडे निघतात. गच्चीसाठीचा अॅक्रिलिक इलॅस्टोमेरिक (रबरासारखा ताणणारा) लेप घ्या. डब्यावर एसआरआय (ऊन परतवून गार राहण्याची क्षमता) आकडा असतो, तो १०० च्या पुढचा बघा.

आधी तारेच्या ब्रशने शेवाळ, धूळ, सुटं सिमेंट खरवडायचं, धुवायचं, आणि पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या स्लॅबवर लेप चढवला तर ऊन लागताच आतली वाफ फुगे आणते. भेगा ग्राइंडरने इंग्रजी व्ही आकारात पाव इंच खोल उघडून क्रॅक फिलरने भरा. वरून नुसता लेप ओढला तर भेग त्याच जागी परत फुटते. पाणी कुठे साचतं ते बादलीभर ओतून बघा आणि तो खड्डा उताराला मिळवून घ्या. साचलेल्या जागी धूळ बसते, लेप काळा पडतो आणि तिथूनच सुटतो.

पहिला हात पातळ, डब्यावर सांगितलंय तेवढंच पाणी घालून. मग जाड दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. या दोन हातांत मिळून चौरस मीटरला पाऊण ते एक लिटर माल गेला पाहिजे. कारागीर पाणी वाढवून निम्म्या मालात गच्ची पांढरी करून दाखवतात. पहिल्या पावसानंतर खालचं सिमेंट दिसायला लागतं. तुमच्या खोलीपुरते १२ ते १६ लिटर लागतील, पण लेप खोलीच्या हद्दीबाहेर दोन-तीन फूट न्या आणि कठड्याची आतली बाजूही घ्या.

भर उन्हात काम नको. तापलेल्या स्लॅबवर वरची साय लगेच धरते, आत पाणी अडकतं, मग सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि दोन हातांत सहा तास तरी.

शंका असेल तर आधी मीटरभर चौकोन रंगवा आणि दुपारी दोनला चपला काढून आधी त्या चौकोनावर आणि मग शेजारच्या सिमेंटवर पाय ठेवा. फरक थर्मामीटरशिवाय कळतो.

चुन्याचाही हात चालतो आणि ऊन चांगलं परतवतो, पण तो एका हंगामाचा. कळीचा चुना आदल्या दिवशी लोखंडी पिंपात भिजवायचा, चुना पाण्यात थोडाथोडा टाकायचा (चुन्यावर एकदम पाणी ओतलं तर उकळी अंगावर उडते), डोळ्याला चष्मा, हातात मोजे. कापडातून गाळून किलोला पाचेक लिटर पाणी आणि चिकटपणासाठी डिंक. गच्चीचं पाणी टाकीत साठवत असाल तर पावसाआधी तो पाइप बंद करा.

पश्चिम_खिडकी

मोजलं. सातला छत ४१, पश्चिमेची भिंत ३७, उत्तरेची ३४. लेप करून घेतोच. तोवर रोज संध्याकाळी पाइपने पाणी मारलं तर? आणि फॉल्स सीलिंग खरंच नको का?

उत्तर – स्लॅबवाला

पाणी मारा, पण पाइपने धुवून काढू नका. गारवा येतो तो पाणी वाळताना. एक लिटर पाण्याची वाफ झाली की साधारण २४०० किलोज्यूल उष्णता जाते. तेच लिटर २० अंशांनी तापून पन्हळीतून वाहून गेलं तर जेमतेम ८४. तुमचा स्लॅब पावणेपाच टनांच्या आसपास आहे. तो एक अंश उतरवायला पावणेदोन लिटर पाणी पूर्ण वाळावं लागतं, तेही सगळी उष्णता स्लॅबमधूनच गेली तर. म्हणजे वीस-पंचवीस लिटर पुरतं, फक्त झारीने पातळ शिंपडायचं, वाळलं की परत. ऊन गेल्यावर साडेसहाला सुरू करून तासाभरात तीन-चार वेळा. हवा दमट असेल तर पाणी वाळत नाही आणि मेहनत वाया. स्लॅबला ओल किंवा गळती असेल तर अजिबात नाही, सळ्या गंजतात.

फॉल्स सीलिंगने खोलीला फरक पडतो, विशेषतः जिप्सम बोर्डवर ५० मिमी ग्लासवूल टाकली तर. पण स्लॅब तसाच तापत, फुगत, आकसत राहतो, त्याच्या भेगा वाढतात आणि गळती बोर्ड काळा पडेपर्यंत दिसत नाही. पंखा खाली येतो, दिव्यांसाठी पाडलेल्या भोकांतून गरम हवा झिरपते. स्लॅबच्या पोटाला थेट चिकटवलेली चंदेरी फॉइल तर निरुपयोगी: फॉइल काम करते ती समोर मोकळी हवा असेल तेव्हाच.

पक्कं काम करायचंच असेल तर गच्चीवरून करा. वॉटरप्रूफिंग, मग पाणी ४८ तास साठवून तपासणी, त्यावर ५० मिमी एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा घट्ट फोम) सांधे हुकवून, जिओटेक्स्टाइल कापड, मग जाळी घालून ५० मिमी काँक्रीट मीटर-सव्वा मीटरच्या तुकड्यांत, वर पांढरी चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी). कठडा आणि गच्ची जुळते त्या कोपऱ्यात गोल वाटा (सिमेंटची गोलाई) विसरू नका. या काँक्रीटचंच वजन चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या जवळ जातं, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय नाही. एक्सपीएसऐवजी साधा थर्मोकोल टाकून देतात, तो वजनाखाली दबतो आणि पाणीही धरतो.

उत्तर – वारा_खेळता

३७ ची भिंत सोडू नका. पश्चिमेच्या काचेला आतून जाड पडदा लावला असेल तर ऊन काचेतून आत आलेलंच आहे. पडदा तापतो आणि खोली तापवतो. अडवायचं ते बाहेर. बांबूची चटई किंवा ७५ टक्क्यांची शेडनेट काचेपासून अर्धा फूट लांब, खालून-वरून मोकळी. दुपारी बारा ते सूर्यास्त, मग गुंडाळायची, नाहीतर रात्रीचा वारा अडतो. जमलं तर तीच नेट दोन्ही बाजूंना दोन-तीन फूट वाढवून भिंतीवरही सावली पाडा.

रात्रीची हवा हा तुमच्या घरातला बिनवापरलेला भाग आहे. व्हेंटिलेटरमध्ये १२ इंची एक्झॉस्ट बाहेर फेकणारा बसवा. खोलीत सुमारे ४८ घनमीटर हवा आहे; तासाला वीस वेळा बदलायची तर ९५० घनमीटर हवेत, म्हणजे पंख्यावर तासाला १२०० घनमीटरच्या पुढचा आकडा बघा. खोलीचं दार उघडं ठेवून तळमजल्याची सावलीतली खिडकी उघडा, जिन्यातून गार हवा वर ओढली जाईल. पंख्याच्या शेजारचीच खिडकी उघडली तर हवा तिथूनच घुसून तिथूनच बाहेर जाते, पलंगापाशी काही हलत नाही.

वेळ घड्याळावर ठरवू नका. बाहेर एक थर्मामीटर सावलीत टांगा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की सगळं उघडा आणि एक्झॉस्ट चालू. सकाळी वर जायला लागला की खिडक्या बंद, बाहेरची चटई खाली. एसी लावण्याआधी तासभर एक्झॉस्ट चालवून मग बंद करा, दोन्ही एकदम नाही.

एक सावधगिरी: घरात गॅस गीझर असेल तर तो चालू असताना एक्झॉस्ट बंदच हवा. पंखा हवा खेचतो तेव्हा गीझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी घरात फिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पश्चिम_खिडकी

गॅस गीझर आहे, तळमजल्याच्या बाथरूममध्ये, जिन्याला लागून. एक्झॉस्टचा स्विच खोलीत न घेता जिन्याच्या खाली, गीझरजवळ घेतो. कूलरचा उपयोग होईल का?

उत्तर – वारा_खेळता

स्विच खाली घ्या, पण त्या बाथरूमला बाहेर उघडणारा स्वतःचा झरोका आहे ना ते आधी बघा. नसेल तर गीझर तिथे असणंच धोक्याचं, एक्झॉस्ट असो वा नसो.

कूलर हवेवर अवलंबून. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगला पॅड २७-२८ अंशांची हवा देतो. ३५ अंश आणि ६० टक्के असेल तर तीस अंशांची ओलसर हवा मिळते आणि अंगाला चिकचिक. कोरड्या हवेत लावायचा असेल तर खिडकीबाहेर ठेवा आणि तोच एक्झॉस्ट चालू ठेवा. बंद खोलीत तो तासाभरात नुसता दमटपणा वाढवतो.

आता आधी लेप. पंधरवड्याने सातलाच, त्याच जागी, परत मोजून आकडे इथे टाका.