विषय: उत्तर: खेळण्यांची पिशवी (बीड), शनिवारपर्यंत ठरवा

प्रेषक: सचिव
नमस्कार मंडळी,
ऊसतोड मजुरांच्या लहान मुलांना खेळण्यांची पिशवी आणि घरी सेविकेची भेट, या बीडच्या संस्थेच्या कामाला आपलं मंडळ इथून, परदेशातून, मदत करणार आहे. त्या संस्थेला शनिवारी यादी कळवायची आहे. गणपतीत जमलेली खेळणी हॉलच्या माळ्यावर तशीच पडून आहेत. ती खोक्यांत भरून पाठवायची की फक्त पैसे? ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास गावातून निघतात, आता लांबवून चालणार नाही.

प्रेषक: प्रकल्प समिती
खोकी नकोत. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय खेळणी भारतात आयात करता येत नाहीत आणि २०२३ पासून मूळ आयात शुल्कच ७० टक्के आहे. पण ते सुटलं तरी माझा विरोध राहील. बॅटरीवर गाणारं खेळणं मुलाच्या हातात पडलं की मोठं माणूस आपल्या कामाला लागतं. आपल्याला हवं ते उलट: आजीनं, आईनं मुलाशी बोलावं. जमैकात किंग्स्टनला १९८६ पासून हेच केलं. ९ ते २४ महिन्यांची, खुंटलेल्या वाढीची १२९ मुलं. त्यांतल्या निम्म्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला एक तास, दोन वर्षं जात होती. खेळणी घरच्याच टाकाऊ वस्तूंची, मागच्या आठवड्याचं परत घ्यायचं, नवं ठेवायचं. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई तशी भेट न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. पैसा गेला तो भेटींवर. आपल्यालाही तसाच खर्च करायचा आहे.
पिशवीत एवढंच: चिंधीची बाहुली, बाटलीचा खुळखुळा, एकात एक बसणारे तीन डबे, कापडी चित्रपुस्तक (बैल, शेळी, चूल, ऊस, गाडी, हत्ती-सिंह नको, मुलाला जे रोज दिसतं त्यावरच बोलणं होतं).

प्रेषक: मराठी शाळा
खुळखुळ्यावर माझी हरकत आहे. बाटलीचं झाकण आठ-नऊ महिन्यांचं मूल चावून सैल करतं, आणि आतले चिंचोके घशात अडकायला पुरेसे असतात.

प्रेषक: प्रकल्प समिती
हरकत रास्त आहे, म्हणून करायची रीत देते. २०० मिलीची जाड बाटली, पूर्ण वाळलेली. ओल राहिली तर आत बुरशी येते. धान्य भरू नका, किडे होतात. खडे धुऊन, वाळवून पाव बाटली. झाकणाचे आटे खरखरीत कागदानं घासून दोन भाग मिसळून लावायचा चिकटा (एपॉक्सी) लावा आणि एक दिवस हलवू नका. फेविकॉल गुळगुळीत प्लास्टिकला धरत नाही, तो सुकला की पापुद्र्यासारखा निघतो. वरून कापडी खोळ शिवून टाका. मोठ्या माणसाला सगळी ताकद लावून झाकण फिरवता आलं तर तो खुळखुळा बाद. उन्हानं प्लास्टिक तडकतं, म्हणून प्रत्येक भेटीत बाटली दाबून बघायची. बाहुलीचे डोळे दोऱ्यानं भरायचे, बटणं नकोत. दोरी वीतभरापेक्षा लांब नको, गळ्याभोवती जाते. सुटा तुकडा ३२ मिमी रुंदीच्या नळीत मावत असेल तर तो काढून टाकायचा.

प्रेषक: माजी अध्यक्ष
यात आपण वेगळं काय करतो आहोत? केंद्राचा ‘नवचेतना’ आराखडा २०२४ पासून आहे, त्यात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १४० कृती दिल्या आहेत. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातातच. महिन्याला एक पालक मेळावा घेतला तर स्वस्तात भागेल. मंडळानं पूर्वी मेळाव्यालाच पैसे दिले होते.

प्रेषक: प्रकल्प समिती
काका, कृती त्याच वापरायच्या, नवं पुस्तक काढायचं नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. आशाताईंची भेट तीन महिन्यांनी एकदा. नवव्या-बाराव्या महिन्याला मूल साखर कारखान्याच्या गावी असेल तर तीही चुकते. मेळाव्याला आई येणार कुठून? नोव्हेंबर ते मार्च ती उसाच्या फडावर असते, पहाटे अंधारातच निघते. म्हणून दोन वाटा केल्यात. मूल गावी मागं राहिलं असेल तर सेविकेची भेट आजीला, दर आठवड्याला, ३० ते ४५ मिनिटं. मूल सोबत गेलं असेल तर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर. पण बैलगाडीवाल्या टोळ्यांच्याच, कारण त्या कारखान्याजवळ एका जागी राहतात. ट्रक भरणाऱ्या टोळ्या फडामागून फड गाव बदलतात, तिथं सलग भेटी जमणार नाहीत. त्यांच्या आयांना निघण्यापूर्वीच गावात शिकवायचं. कोपीवर मूल बहुतेक वेळा सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ असतं. तिलाही दाखवा, पण जबाबदारी तिच्यावर टाकू नका.
भेट फसते ती एका ठरलेल्या जागी. सेविका स्वतःच मुलाशी खेळत बसते, आजी भाकरी थापायला निघून जाते. खेळणं मुलाच्या हाती न देता आजीच्या हाती द्यायचं. “आजी, बाहुलीला कुठं झोपवायचं, सांगा की त्याला.” आजी बोलली, मुलानं तिच्याकडे पाहिलं, की सेविकेनं तोंडानं कौतुक करायचं आणि गप्प राहायचं. पर्यवेक्षिकेनं महिन्यातून एक भेट सोबत बसून पाहावी, तेवढा पगार अंदाजपत्रकात धरा.

प्रेषक: खजिनदार
पगाराबद्दल. मंडळ परदेशी संस्था असल्यानं पैसे फक्त संस्थेच्या, दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या परकीय देणगी खात्यातच जातील. २०२० पासून ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. पर्यवेक्षिकेचं मानधन कार्यक्रमखर्चात बसतं असं त्यांच्या सीएंचं लेखी पत्र आधी मागवा. मंडळाचा निधी कुणी वैयक्तिक खात्यातून वळवू नये. तशी सूचना आलीच तर मी सही करणार नाही.

प्रेषक: मराठी शाळा
चिकट्याला पर्याय सुचवते. कापडी खोळीतच कोरड्या खड्यांची शिवलेली पुरचुंडी घाला, बाटली नकोच. आवाज कमी येतो, पण शिवण दुहेरी असली की तपासायला सोपी.

प्रेषक: सचिव
मग पुरचुंडी दहा महिन्यांखालच्या मुलांसाठी, बाटली त्यापुढच्यांसाठी. यादीत तसं लिहिते. सीएंचं पत्र मी मागवते.