'आध्यात्मिक उत्क्रांती' म्हणावं का?

प्रश्न : आमच्याकडे (गुहागर तालुका) देवळातल्या कीर्तनात बुवांनी मत्स्य, कूर्म, वराह असा अवतारक्रम लावला आणि म्हणाले, "हीच उत्क्रांती, मोक्ष ही तिची शेवटची पायरी." 'उत्क्रांती'त हा अर्थ बसतो का? की 'विकास' म्हणावं?

उत्तर : शब्द जुना, अर्थ नवा. वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्' (२.३.१९) असं सूत्र आहे. तिथे उत्क्रांती म्हणजे जीवाने देहातून निघून जाणं. गीतेच्या पंधराव्या अध्यायातलं 'उत्क्रामन्तम्' त्याच अर्थाचं. हा शब्द जीवशास्त्राने उचलला, तेव्हा त्यातला 'उत्' मात्र 'वर चढणं' सुचवत राहिला. डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत (१८५९) 'इव्होल्यूशन' हे नाम येतच नाही. बदलत बदलत उतरत आलेला वंश, अशी त्याची भाषा आहे.

कूर्माचंच घ्या. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाचे दूरचे पूर्वज जमिनीवरचे. वंश पुन्हा समुद्रात गेला, तरी श्वास हवेतच घ्यावा लागतो आणि अंड्यांसाठी वाळूवर यावंच लागतं. यात चढण कुठली? 'विकास' म्हटलं तर गैरसमज वाढेलच.

मला सांख्यांचा, म्हणजे प्रकृती आणि पुरुष ही दोन तत्त्वं मानणाऱ्या दर्शनाचा, 'परिणाम' हा शब्द जवळचा वाटतो. आज आपण तो 'इफेक्ट' या अर्थी वापरतो. सांख्यशास्त्रात त्याचा अर्थ रूपांतर. योगसूत्रांत (४.२) तर 'जात्यन्तरपरिणामः' असाच शब्द आहे. पण त्यात डार्विनची नैसर्गिक निवड नाही, म्हणून 'आमच्याकडे हे आधीच होतं' असं म्हणू नये. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) सांख्य आणि डार्विन-हेकेल (जर्मन जीवशास्त्रज्ञ) यांची तुलना केली आहे, ती मुळातून वाचावी.

महत्त्वाचं म्हणजे, सांख्यांत बदलते ती प्रकृती, म्हणजे जड सृष्टीचं मूळ. पुरुष, म्हणजे जाणणारा आत्मा, बदलत नाही. कैवल्य (सांख्यांचा मोक्ष) मिळतं ते दोघांतला भेद कळल्याने. त्यामुळे मोक्ष ही परिणामाची पुढची पायरी ठरतच नाही.

प्रतिप्रश्न : मग सृष्टीला प्रयोजनच नाही का?

उत्तर : सांख्यकारिका (५७) म्हणते, वासराच्या वाढीसाठी जाणीव नसलेलं दूध पाझरतं, तशी पुरुषाच्या मोक्षासाठी प्रकृती प्रवृत्त होते. म्हणजे हेतू आहे, पण हेतू धरणारं कोणी नाही. शंकराचार्यांनी नेमकं इथेच अडवलं: गाय सचेतन आहे, तिला वासराची माया आहे, म्हणून दूध येतं. हा वाद मला आजही जिवंत वाटतो, आणि जीवशास्त्र त्याचा निकाल लावू शकेल असं वाटत नाही. पेशी, जनुकं, जीवाश्म यांतून 'कसं' कळतं. 'कशासाठी' हा प्रश्न विचारतो तो जाणणारा, आणि त्याचं उत्तर त्यानेच जगून द्यायचं असतं. 'पुरुषार्थ' शब्द मला त्यासाठी मोलाचा वाटतो.

ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात ज्ञान आणि विज्ञान यांची वाटणी स्वच्छ केली आहे ('येर' म्हणजे बाकीचा): 'अर्जुना तया नांव ज्ञान । येर प्रपंचु हें विज्ञान । तेथ सत्यबुद्धि तें अज्ञान ।' शंकराचार्य 'विज्ञान' म्हणजे स्वानुभव असा अर्थ लावतात; ज्ञानेश्वरांचा अर्थ आजच्या मराठीशी जुळतो. विज्ञानाला त्यांनी खोटं म्हटलेलं नाही. तेवढंच अंतिम सत्य मानण्याला ते अज्ञान म्हणतात.

योगी अरविंदांच्या संदर्भात मात्र 'आध्यात्मिक उत्क्रांती' खुशाल लिहा. जडात चैतन्य आधीच दडलेलं आहे आणि ते क्रमाने उलगडतं, हा त्यांचा सिद्धान्तच आहे. तिथला 'उत्' त्यांनी जाणीवपूर्वक घेतलेला आहे. कीर्तनातला अवतारक्रम त्या अर्थी सांगायचा असेल, तर बुवांनी तसं नाव घेऊन सांगावं.