मदत हवी आहे: नवख्या मुलाला त्याच्या गाण्यातली चूक सांगायची कशी?

डग्गा

नमस्कार मंडळी. प्रश्न विचारताना जरा लाज वाटतेय, कारण घोळ मीच घातलाय.

डोंबिवलीत आमच्याकडे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सात-आठ जण जमतात. अट एकच: गाणं स्वतःचं हवं, अर्धवट असलं तरी चालेल. कुणी गिटार आणतं, कुणी मोबाइलवर ट्रॅक लावतं. मी हौशी तबलजी, भजनी मंडळात पंचवीस वर्षं ठेका धरतोय. परीक्षक म्हणून मला कुणी नेमलेलं नाही, पण चहा आमचा असल्यामुळे मीच आधी तोंड उघडतो.

गेल्या महिन्यात एक मुलगा पहिल्यांदाच आला. बावीस-तेवीसचा असेल, भिवंडीला गोदामात शिफ्ट करतो. शब्द, चाल, पेटी, आवाज, सगळं त्याचंच. रेकॉर्ड करताना खोलीचा घुमारा येऊ नये म्हणून कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून गायला होता. मुखडा असा: 'पावसात भिजून गेली पत्राची घडी'. ठेका केरवा, आठ मात्रांचा. पण पहिल्या चार मात्रांत 'पाव' म्हणून हा थांबला, श्वास घेतला आणि पाचव्या मात्रेला, म्हणजे तालाची 'खाली' येते बरोब्बर तिथे, 'सात'! माझ्या तोंडून निघून गेलं, "पाव सात घेतलेस, भाजी किती?" सगळे हसले. तोही हसला.

तिथे गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण मी सुटलो. पट्टी खालची झालीय, पेटी आवाजाच्या अंगावर येतेय, मधला म्युझिक पीस लांबलाय, 'स' आणि 'श' कानाला टोचतायत, एकूण आवाजही बारीक वाटतोय. दोन मिनिटांत सगळं सांगून मोकळा. त्याने ते फोनमध्ये टिपून घेतलं, चहा प्यायला, स्वतःचा कप विसळून ठेवला आणि गेला. रात्री ग्रुपमधून बाहेर. या महिन्यात आलाच नाही. कप विसळून गेला हे बायको मला रोज ऐकवते.

नुसतं 'भारी, मस्त, आग' म्हणणं मला जमत नाही. तसं म्हणणारे त्याला शेकड्याने भेटतील. मग सांगायचं कसं? आणि आता फोन करू की नको?

कोमल निषाद

दादा, मी गाणं शिकवते. तुम्ही चूक पकडली, पण अर्धीच. बोलताना आपण सगळेच 'पाव्‌सात' म्हणतो, 'व' पुरता उच्चारत नाही. म्हणजे त्याने शब्द भलत्याच ठिकाणी फोडलेला नाही, फक्त त्या फटीत श्वास घेतला. 'पा'ला दोन मात्रा द्यायच्या, 'व' आणि 'सा' लागोपाठ घ्यायचे आणि श्वास 'त'नंतर. किंवा 'पाव' समेआधी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेआधी, उचलून 'सा' समेवर टाकायचा, चाल तशीच राहते. शब्द कुठे जोडावा आणि कुठे सोडावा हे बाबूजींकडून, म्हणजे सुधीर फडक्यांकडून, ऐकून ऐकून आम्ही शिकलो. हल्लीच्या मुलांनी चाल बहुतेक वेळा 'ला ला ला'वर आधी बांधलेली असते, शब्द मागून बसवतात, मग असं होतं.

पट्टीचं तर विचारायलाच हवं होतं. कुठली होती? पुरुषांचे आवाज साधारण काळी एक, काळी दोनला (पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या सुराला) बसतात. अंतरा तार सप्तकात जात असेल तर तिथे ओरडावं लागू नये म्हणून मुद्दाम खाली घेतली असेल. मग दोष पट्टीचा नाही, मुखडा आणि अंतरा यांच्यात अंतर फार आहे.

फेडर खाली

रेकॉर्डिंगचं काम करतो म्हणून माझ्या बाजूचं लिहितो.

गाणं कुठल्या टप्प्यावर आहे हे आधी विचारायचं. चाल पक्की व्हायची असताना मिक्सबद्दल बोलणं म्हणजे भिंत उभी नाही आणि रंगाची चर्चा. आणि 'पेटी अंगावर येते' ऐकून पोरगं काय करणार, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढणार. त्याने पेटी दूर जाईल, भांडण मिटणार नाही. पेटी आणि पुरुषाचा आवाज साधारण एकाच उंचीच्या सुरांत असतात. त्याला सांगा, पेटी एक सप्तक वर वाजवून बघ, नाहीतर शब्द चालू असताना फक्त सूर धरून ठेव आणि ओळ संपली की मोकळी जागा भर.

'स'-'श'साठी माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता किंचित तिरका करायचा. तरी उरलं तर डी-एसर (ही धार कमी करणारं सॉफ्टवेअर), साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये. आवाजाच्या ट्रॅकमधून ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं की पंखा आणि टेबलाची धडधडही बरीच जाते.

'आवाज बारीक वाटतो' हे तर घरगुती बैठकीत कुणालाच सांगू नये. तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत ना? त्यावर खालचा बेस जवळजवळ नसतोच. ठोकून मोठं केलेलं गाणं स्पॉटिफाय पुन्हा वजा १४ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास उतरवून ठेवतं. सगळा चेपलेपणा उरतो, मोठेपणा जातो.

'पीस लांबला' याला काही अर्थ नाही. मिनिट-सेकंद द्या. '१:१२ ला माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं' असं सांगितलं तर त्यावर वाद होत नाही. तुमचं लक्ष गेलं की नाही हे तुम्हालाच माहीत. ते का गेलं हे त्याला शोधू द्या. बहुतेकदा बिघाड त्या जागेच्या आठ-दहा सेकंद आधी असतो.

आडवा ताल

इतकं मनाला लागत असेल तर घरीच गावं. आमच्या गुरुजींनी एकदा माझी पेटीच बंद केली होती, बोटांसकट.

कोमल निषाद

@आडवा ताल, गुरुजींकडे आपण दुसऱ्या दिवशी परत जायचो, ते पण आपली वाट बघायचे. हा मुलगा शिष्य नव्हता हो, पाहुणा होता.

मागचा बाक

काका, मी त्या मुलाच्या जागी बसलेलो आहे. साताऱ्यात, दुसऱ्या बैठकीत. मला हसण्याचं एवढं काही वाटलं नव्हतं.

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पट्टी आहे, पेटी आहे, मात्रा आहेत. पत्र कुणाचं होतं ते कुठेच नाही. तुम्ही विचारलंत का?

डग्गा

नाही विचारलं.

फेडर खाली

मीही नाही विचारलं. वर एवढं लिहून बसलो.

मागचा बाक

मग फोन कराच. सॉरीचं भाषण नको, त्यालाच अवघडल्यासारखं होईल. गाणं परत ऐकायचंय म्हणा. आणि पुढच्या वेळी ऐकवण्याआधी ज्याचं गाणं आहे त्यालाच विचारा, तुला आज कशाबद्दल ऐकायचंय? मी एकदा सांगितलं होतं, फक्त दुसरा अंतरा लागतोय का ते सांगा, बाकी मला माहितेय गचाळ आहे. अख्खी संध्याकाळ त्या चार ओळींवर गेली. गाणं त्या दिवशीच झालं.

डग्गा (चार दिवसांनी)

फोन केला. आधी म्हणाला रात्रपाळी होती, म्हणून आलो नाही. ग्रुप का सोडला, तर सकाळी सकाळी फुलांचे फोटो येतात म्हणून. (ते मीच पाठवतो.) मग जरा थांबून म्हणाला, "काका, मी तो जोक घरी सांगितला. आता गाणं लावलं की आईसुद्धा पाव सात म्हणते."

काय बोलणार. पत्राचं विचारलं. त्याचे आजोबा परळला गिरणीत होते. १९८२ चा संप जानेवारीत सुरू झाला, त्या पावसाळ्यात त्यांनी कोकणात आजीला लिहिलेलं पत्र आहे: या महिन्यात मनिऑर्डर येणार नाही, दुकानदाराला सांग. पुढे घर गळलं, शाई पसरली, आता एवढ्या दोनच ओळी वाचता येतात. त्या दोन ओळी म्हणजे दुसरा अंतरा. मी तो ऐकला होता. ऐकताना मनात पट्टी मोजत होतो.

पट्टी मुद्दामच खाली घेतलीय म्हणाला. आजोबांचा आवाज तसा होता. कोमलताई, तुमचं अर्धं बरोबर आलं.

श्वासाचं आणि पेटी वर वाजवायचं त्याला सांगितलं, तुमच्या नावाने. बाकी यादी मागे घेतली. काल रात्री पावणेबाराला नवीन रेकॉर्डिंग आलं. 'पावसात' आता सलग येतंय, छान बसलंय. पेटी मोकळी झालीय. दुसऱ्या अंतऱ्याला बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

पण मंडळी, आता नवीनच भानगड. 'भिजून गेली' ओढल्यामुळे पुढचा शब्द घाईत जातो आणि 'पत्राची घडी' मला 'पत्र्याची घडी' ऐकू येतेय. तीनदा ऐकलं. सांगू का?

मागचा बाक

आधी विचारा, छप्पर पत्र्याचं होतं का.