शब्दचर्चा: ‘यादृच्छिक’ म्हणजे कुणाची इच्छा?

दुभाषी (मूळ प्रश्न)

स्तनाच्या कर्करोगावरच्या एका औषधचाचणीचं संमतीपत्र मराठीत करायचं काम सध्या माझ्याकडे आहे. औषधांची नावं, डोस, तपासण्या हे सगळं निभतं. अडतं ते साध्या दिसणाऱ्या शब्दांपाशी. कुणीतरी आधी केलेला मसुदा समोर आहे, त्यात हे वाक्य: ‘आपणास यादृच्छिकरीत्या हात अ किंवा हात ब मध्ये नियुक्त करण्यात येईल.’

ते मी जसंच्या तसं एका बाईंना वाचून दाखवलं. ऑपरेशन होऊन त्यांना महिना झाला होता. त्यांनी डावा हात जपून जरासा उचलला आणि म्हणाल्या, ‘‘हा नको हं. या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात. इथे सुई टोचू देऊ नका म्हणून सांगितलंय.’’

त्यांचं काय चुकलं? चाचणीतल्या गटाला इंग्रजीत ‘आर्म’ म्हणतात, आणि ज्या आजारात ऑपरेशननंतर हात सुजण्याची धास्ती असते तिथेच कुणी त्याचा ‘हात’ करून ठेवला. तो मी तिथल्या तिथे ‘गट’ केला. बाकीचे तीन तुमच्यापुढे ठेवते: ‘यादृच्छिक’, ‘मानक काळजी’ आणि ‘रुग्ण उपचारात अपयशी ठरल्यास’.

व्याकरणकाका

‘यादृच्छिक’ चुकीचा नाही, पण कानाला फसवतो. ऐकणाऱ्याला त्यात ‘इच्छा’ ऐकू येते. मग ती डॉक्टरांची की आपली, एवढाच प्रश्न उरतो. खरा अर्थ नेमका उलटा, कुणाच्याच इच्छेने नाही. ‘यद्’ आणि ‘इच्छा’ यांचा संधी असता तर शब्द ‘यदिच्छा’ झाला असता. इथे मधे ‘ऋ’ बसलाय. यदृच्छा म्हणजे आपसूक घडणं, योगायोग. ‘यदृच्छालाभसंतुष्ट’ म्हणजे न मागता पदरात पडेल त्यात समाधान मानणारा. (शिकवत होतो तेव्हा ‘मनासारखं मिळालं की खूश होणारा’ असा अर्थ उत्तरपत्रिकांत दरवर्षी सापडायचा.) जुन्या कोशांत यदृच्छेला ‘स्वैरपणा’ हाही अर्थ दिलेला आहे, म्हणजे घोटाळा आजचा नव्हे.

आकडेमोड

‘चिठ्ठी टाकून’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

दुभाषी

लिहिलं होतं. नैतिकता समितीतल्या एका सदस्यांना ते जुगारासारखं वाटलं. ‘‘उपचार काय चिठ्ठीवर ठरवतात?’’ असं म्हणाले. आता ठरवतातच, त्याला मी काय करू!

आकडेमोड

ही लाज जुनी आहे, आणि तिने एक मोठी चाचणी जवळजवळ अडवून धरली होती. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटाने १९७६ साली ‘बी-०६’ नावाची चाचणी सुरू केली. गाठ चार सेंटिमीटरपर्यंत असेल तर सगळा स्तन काढायचा, की फक्त गाठ काढायची, की गाठ काढून वर रेडिएशन द्यायचं? असे तीन गट. नोंदणी काही केल्या पुढे सरकेना. अडत होते ते बरेचसे सर्जनच. ‘तुमचा स्तन राहणार की जाणार हे चिठ्ठीवर ठरेल’ हे वाक्य समोर बसलेल्या बाईला सांगायला त्यांची जीभ रेटेना. शेवटी क्रमच फिरवला. आधी चिठ्ठी टाकायची, मग ‘तुमच्या वाट्याला हे आलंय, चालेल का?’ असं विचारायचं. नोंदणी वाढली. त्या क्रमावर पुढे टीकाही झाली आणि ती रास्तच होती, कारण दुसऱ्या चिठ्ठीत काय होतं ते कुणी कितपत खुलवून सांगणार?

वीस वर्षांचा हिशेब २००२ साली छापून आला. तिन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या. फरक होता तो आजार त्याच स्तनात पुन्हा येण्यात: नुसती गाठ काढलेल्यांत ३९.२ टक्के, गाठ काढून रेडिएशन दिलेल्यांत १४.३ टक्के. आज गाठीपुरतं ऑपरेशन आणि मग रेडिएशन हे इतकं सरसकट झालंय ते यावर. सर्जनांना निवड करू दिली असती तर त्यांनी लहान, बऱ्या दिसणाऱ्या गाठी ‘फक्त गाठ काढू’ या बाजूला घातल्या असत्या, आणि तो गट चांगला निघाला तो ऑपरेशनमुळे की गाठी मुळात लहान म्हणून, हे कधीच कळलं नसतं. चिठ्ठी एवढ्यासाठी असते. समितीतल्या त्या गृहस्थांना हे सांगा.

व्याकरणकाका

याच्याच आधीच्या ऑपरेशनचं नाव बघा, ‘रॅडिकल’. लॅटिनमध्ये ‘राडिक्स’ म्हणजे मूळ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन सर्जन हॅल्स्टेड यांनी रूढ केलेल्या त्या पद्धतीत स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं समूळ काढत. फिशर यांचं म्हणणं असं की आजार रक्तातून आधीच दूर गेलेला असू शकतो, मग जागेवर कितीही खोल खणलं तरी उपयोग काय? नावातच झाडाचं मूळ रोवलेलं होतं ते उपटायला पाऊणशे वर्षं लागली. आपण तरी अजून ‘कॅन्सरची मुळं पसरलीत’ असंच म्हणतो.

वॉर्डातली

मी नर्स आहे, कॅन्सरच्या वॉर्डात. तुमचं संस्कृत आणि आकडे चालू द्या, पण आमच्याकडे बायका जे शब्द घेऊन येतात ते कुणी टिपून का ठेवत नाही?

‘पुनरुद्भव’ असं संमतीपत्रात लिहितात. बाई म्हणते, ‘‘दुखणं उलटलं.’’ बरं होत आलेला ताप उलटतो तसंच. ‘रेमिशन’ला कोश काय म्हणतो देव जाणे, घरचे म्हणतात ‘उतार पडला’. औषधाला आजार ‘दाद देत नाही’, दुखणं ‘बळावतं’, गोळी ‘लागू पडते’. एवढ्या शब्दांत अर्धी चाचणी सांगून होते.

आणि ‘गाठ’ या शब्दाचं जरा बघा. स्तनातली ती गाठ, काखेतली लसिकाग्रंथी तीही गाठ, टाक्याची ती वेगळीच. ‘गाठ काढली’ म्हटलं की मला दरवेळी ‘कुठली?’ म्हणून विचारावं लागतं. काखेतली सुजली की जुन्या बायका ‘अवधाण आलंय’ म्हणायच्या. जखमेने, गळवाने काखेत किंवा जांघेत येतं ते अवधाण. परवा एका आजींच्या तोंडून ऐकलं, फार दिवसांनी.

आकडेमोड

वॉर्डातली ताई, ‘उलटणं’ आणि ‘दाद देणं’ आजच उचललं. ‘उतार’ आणि ‘बळावणं’ याला मात्र माझी हरकत आहे. आम्ही ‘पार्शल रिस्पॉन्स’ म्हणतो तेव्हा ठरलेल्या गाठींच्या मापांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटलेली असते. ‘प्रोग्रेशन’ म्हणजे ती आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा किमान २० टक्के आणि शिवाय किमान ५ मिलिमीटर वाढली, किंवा नवीन गाठ दिसली. हे स्कॅनवरचं गणित. बाई त्या दिवशी चालत आली, जेवली, हसली, आणि कागदावर ‘प्रोग्रेशन’. तिला ‘दुखणं बळावलंय’ म्हणालात तर ती म्हणेल, मला तर काहीच होत नाहीये. ‘उतार’ म्हटलं की आता सगळं खालीच येणार असं वाटतं, तसंही नेहमी नसतं.

वॉर्डातली

हे पटलं. मग ‘स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली’ असं सरळच लिहा की. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द कशाला हवा?

चाचणीत होते

मी नेहमी नुसती वाचत असते. आज लिहिते, कारण ‘अपयशी’ हा शब्द माझ्या फाईलमध्ये होता. ‘रुग्ण पहिल्या उपचारात अपयशी.’ कॉरिडॉरमध्ये बसून वाचलं. सहा केमो घेतल्या, एकही चुकवली नाही, तोंड आलेलं असताना घेतल्या, आणि नापास कोण? तर मी. इंग्रजीत तसंच म्हणतात हे नंतर कळलं, पेशंट फेल्ड. पण मराठीत कर्ता बदलायला पैसे पडत नाहीत. ‘औषध लागू पडलं नाही.’ झालं.

अजून एक. ‘अनिष्ट घटना’ या सदरात मी बाथरूममध्ये घसरून पडले तेही नोंदवलं होतं, आणि त्याचा औषधाशी काय संबंध म्हणून मी कोऑर्डिनेटरशी भांडले होते. चाचणीच्या काळात जे जे वाईट घडेल ते सगळं लिहायचं, औषधामुळे की कशामुळे ते नंतर ठरतं. म्हणून तो शब्द ‘दुष्परिणाम’ नाही. हा भेद कुणी आधी सांगितला असता तर मी पायाची बधिरताही वेळेवर सांगितली असती. मला वाटलं होतं वयामुळे असेल.

दुभाषी

तुमचा ‘लागू पडलं नाही’ घेतला. ‘दुष्परिणाम’ आणि ‘अनिष्ट घटना’ यातला फरक सांगणारं एक वाक्य संमतीपत्रात घालते. राहिली ‘मानक काळजी’.

वॉर्डातली

‘ब गटातील रुग्णांची मानक काळजी करण्यात येईल.’ म्हणजे ठरल्या मापाने काळजी करणार, सकाळी दोन चमचे! अहो, मराठीत काळजी घेतात तशी करतातही, आणि करायला लागलं की झोप उडते. ‘केअर’ म्हटलं की डोळे मिटून ‘काळजी’ लिहायची सवय आहे तिचा हा परिणाम. इथे सांगायचंय ते एवढंच की ब गटाला सध्या सगळ्यांना देतात तेच उपचार मिळतील. ‘प्रचलित उपचार’ लिहा. बायकांना वाटतं ब गट म्हणजे औषधच नाही. तसं नसतं हे या एका शब्दाने कळलं पाहिजे.

व्याकरणकाका

नर्सिंगला आपल्याकडे ‘शुश्रूषा’ हा शब्द होताच. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं, त्यावरून शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. (हो, इथे इच्छा आहे!) ऐकायला उत्सुक असणं, मग आज्ञेत राहणं, मग सेवा, असा तो अर्थ सरकत आला.

आकडेमोड

काका, ऐकण्याचीसुद्धा चाचणी झालेली आहे, चिठ्ठी टाकून. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ७६६ रुग्ण, आजार दूरवर पसरलेले, त्यात स्तनाच्या कर्करोगाच्याही बायका होत्या. एका गटाने मळमळ, धाप, थकवा, वेदना अशी १२ लक्षणं स्वतः कॉम्प्युटरवर नोंदवायची, काही वाढलं की नर्सला निरोप जायचा. दुसऱ्या गटात नेहमीसारखं, भेटीत विचारलं तर सांगायचं. २०१७ साली निकाल छापला: नोंदवणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने, दुसऱ्यांचं २६. म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले, निम्मे जास्त. पाच महिन्यांचा फरक, नवीन औषध एकही नाही.

चाचणीत होते

माझ्या पायाची बधिरता त्या बारात होती का?

आकडेमोड

होती. मुंग्या-बधिरता त्या यादीत आहे.

दुभाषी

आजवरचा मसुदा टाकते: ‘या चाचणीत दोन गट आहेत. अ गटाला प्रचलित उपचारांसोबत नवीन औषध मिळेल, ब गटाला प्रचलित उपचार मिळतील. तुम्ही कोणत्या गटात जाल हे तुम्ही, डॉक्टर किंवा आम्ही ठरवणार नाही. चिठ्ठी टाकावी तसं ते कॉम्प्युटरवर ठरेल.’ समितीने ‘चिठ्ठी टाकावी तसं’ एवढं चालवून घेतलं.

काल हे त्याच बाईंना वाचून दाखवलं. हात उचलला नाही. दोनदा ऐकलं, मग म्हणाल्या, ‘‘कळलं. पण चिठ्ठी माझ्यादेखत टाकणार ना?’’ यादी आधीच बनलेली असते आणि नाव नोंदेपर्यंत ती डॉक्टरांनाही दिसू देत नाहीत, नाहीतर पुन्हा निवड सुरू होईल, हे मी तोंडी समजावलं. कागदावर कसं लिहू?