मदत हवी आहे: आठवीच्या मुलांचं लेखन ब्लॉगवर टाकण्याआधी किती दुरुस्त करावं?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात. वहीतला निबंध वर्षानुवर्षं तोच, 'माझा आवडता सण' आणि त्यात 'आनंदाचं वातावरण'. म्हणून चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर ब्लॉगरवर वर्गाचा ब्लॉग उघडला. पहिला विषय: तुमच्या माटोळीला काय बांधलं, आणि ते कुठून आणलं? (गोव्याबाहेरच्यांसाठी: गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली, परसातली फळं-फुलं बांधतात, ती माटोळी.)

मुलांनी मनापासून लिहिलं. घागऱ्यो शोधायला आजोबांसोबत रानात किती चालावं लागलं, आंबाडे कुणाच्या कुळागरातून (सुपारी-नारळाच्या बागेतून) आणले, सगळं. एकीच्या मुंबईच्या मावशीने खाली विचारलं, "तोरिंग म्हणजे आमचं पपनसच ना?" मी काही न सांगता त्या मुलीने आजीला विचारून चार ओळींचं उत्तर लिहिलं. वहीत फक्त माझा लाल शेरा असतो, पुढे कुणी काही विचारत नाही.

आता अडचण. तो लेख टाकण्याआधी मीच तोरिंगचं पपनस करणार होते! तसं केलं असतं तर मावशीने विचारलंच नसतं. पण 'फळां हाडली' (कोकणीत 'फळं आणली') तसंच ठेवलं की पालक म्हणतात, बाई तपासत नाहीत का? आणि सगळं सुधारलं तर लेख माझा होतो.

दुसरं, नावं आणि फोटो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. सध्या ब्लॉग आमंत्रित पालक-नातेवाइकांनाच दिसतो, प्रतिक्रिया मी मंजूर करते. सर्वांसाठी खुला करावा का?

प्रतिसाद: डिचोलीकर
बाई, मीही शिक्षक होतो. एका वेळी एकच गोष्ट सुधारा. या पंधरवड्यात फक्त अनुस्वार, पुढे क्रियापदं. आधी मुलांना जोडीने एकमेकांचं तपासू द्या. तोरिंगला मात्र हात लावू नका, 'आमचे शब्द' असं वेगळं पान करा आणि अर्थ मुलांनाच लिहू द्या. खुला करण्याची घाई नको. केलाच, तर लेखी संमती घ्या, चेहऱ्यांचे फोटो नकोत आणि खऱ्या नावाऐवजी प्रत्येकाला एक टोपणनाव द्या.

धागाकर्ती
सर, मनापासून आभार. 'आमचे शब्द' पान उद्याच मुलांकडून सुरू करून घेते. टोपणनावं माटोळीतल्या फळांचीच ठेवू. एक विचारायचं राहिलं: गुण पहिल्या खर्ड्याला द्यावेत की सुधारलेल्या लेखाला? आणि त्या मुलीने मावशीला दिलेल्या उत्तराचे धरायचे का?