मदत हवी आहे : कर्लमध्ये एरर ६० येतोय, ब्राउझरमध्ये तीच यूआरएल नीट उघडते

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले एकाच ठिकाणी अडकलेय. एका सर्व्हिसचा एपीआय आहे, एचटीटीपीएसवर, टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) देऊन डेटा मागवायचा आणि रोज रात्री स्क्रिप्टमधून हे व्हायला हवंय, म्हणून उबुंटूवर कर्ल (कमांड लाइनवरून यूआरएल मागवायचं टूल) टाकलं, साधी गेट रिक्वेस्ट मारून बघितली तर एरर ६० आणि पुढे 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट'. तीच यूआरएल ब्राउझरमध्ये उघडली तर एकही वॉर्निंग नाही!!

मशीनची तारीख-वेळ बघितली, बरोबर आहे. सीए (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या संस्था) सर्टिफिकेट्सचं पॅकेज अपडेट केलं, कर्लही नवीन टाकलं. बाकीच्या साइटना कर्ल व्यवस्थित जातं, फक्त हाच सर्व्हर अडतो.

शोधलं तर जो तो सांगतो मायनस के लावा. लावून बघितलं (खोटं टोकन देऊन), कनेक्शन होतं. पण मला ते ठेवायचं नाहीये, कारण मग कर्ल सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट तपासतच नाही, डेटा एन्क्रिप्ट होऊन जातो पण नक्की कोणाकडे जातो ते कळत नाही, मधे कोणी बसलं असेल तर टोकन आयतं त्याच्या हातात, आणि या टोकनने डेटा डिलीटही करता येतो. दुसरं म्हणजे टोकन कमांडमध्येच लिहिलं की शेलच्या हिस्टरीत राहतं. ते कुठे ठेवायचं?

प्रतिसाद

मायनस के नको म्हणताय ते अगदी बरोबर, त्यावर ठाम राहा. आधी ओपनएसएसएल या टूलचं एस-क्लायंट (सर्व्हरशी जोडून त्याची सर्टिफिकेट दाखवणारी कमांड) त्या सर्व्हरच्या ४४३ पोर्टवर चालवा, शोसर्ट्स ऑप्शन लावून. सर्व्हर किती सर्टिफिकेट पाठवतोय ते सांगा.

धागाकर्ती

एकच येतंय, त्यांच्या डोमेनचं.

प्रतिसाद

मग सापडलं. तुमच्या मशीनवर रूट सर्टिफिकेट (सीएचं सर्वात वरचं, ज्यावर मशीनचा आधीच भरवसा असतो) असतं, पण डोमेनचं सर्टिफिकेट बहुतेक वेळा रूटने थेट सही केलेलं नसतं, मधे एक इंटरमीजिएट असतं आणि ते पाठवायचं काम सर्व्हरचं. इथे तो पाठवत नाहीये म्हणजे साखळीतली मधली कडीच गायब. ब्राउझर ही कसर भरून काढतात, काही जण सर्टिफिकेटमध्ये दिलेल्या पत्त्यावरून इंटरमीजिएट स्वतः उतरवून घेतात, काहींकडे ते आधीच साठवलेलं असतं. ओपनएसएसएलवर बांधलेलं कर्ल असं काही करत नाही, म्हणून ६०.

खरी दुरुस्ती सर्व्हरवाल्यांनी करायची, त्यांना कळवा की फुल चेन (मधल्या कडीसकट पूर्ण साखळी) लावा. तोवर इंटरमीजिएट तुम्हीच उतरवून घ्या, पत्ता सर्टिफिकेटमध्ये 'सीए इश्युअर्स'च्या पुढे मिळेल, फाइल बहुधा डीईआर (बायनरी) फॉरमॅटमध्ये असेल, तर ती पीईएम (टेक्स्ट) करा. पण तो पत्ता साधा एचटीटीपी असतो, त्यामुळे आधी ओपनएसएसएल व्हेरिफायने तपासा की ते तुमच्या मशीनवरच्या रूटपर्यंत जातंय. हे टाळू नका, कारण पुढे सांगतोय त्या बंडलच्या फाइलमध्ये टाकलेल्या सर्टिफिकेटवर कर्ल डोळे झाकून भरवसा ठेवतं. मग सिस्टीमच्या सीए बंडलची (रूट सर्टिफिकेट एकत्र असलेल्या फाइलची) कॉपी करून तिच्या शेवटी इंटरमीजिएट जोडा आणि ती फाइल सीए-सर्ट ऑप्शनला द्या. मूळ बंडलला हात लावू नका, पुढच्या अपडेटला तुमची भर पुसली जाईल.

टोकनसाठी : ऑथरायझेशनची पूर्ण हेडर ओळ वेगळ्या फाइलमध्ये लिहा, परमिशन ६०० (फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल अशी), आणि मायनस एच च्या पुढे अ‍ॅट चिन्ह लावून फाइलचं नाव द्या. कर्ल ७.५५.० पासून हे चालतं. हिस्टरीतही येत नाही आणि पीएसच्या (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या) यादीतही दिसत नाही.

अजून एक, रात्रीची स्क्रिप्ट आहे म्हणून सांगतो, फेल ऑप्शन लावा. नाहीतर टोकन संपून ४०१ (सर्व्हरने टोकन नाकारलं) आला तरी कर्ल एक्झिट कोड ० देतं आणि स्क्रिप्टला वाटतं सगळं झालं. फेल लावलं की २२ येतो.

धागाकर्ती

चाललं!!! मायनस के न लावता २०० (म्हणजे रिक्वेस्ट यशस्वी) आला, खूप खूप आभार. व्हेरिफाय केल्याशिवाय फाइल जोडली नाही. टोकन फाइलमध्ये गेलं, आणि आधी एकदा खरं टोकन कमांडमध्ये टाइप केलेलं होतं ते रद्द करून नवीन घेतलं. सर्व्हरवाल्यांना एस-क्लायंटच्या आउटपुटसकट मेल टाकलाय, त्यांनी चेन लावली की माझी बंडलची फाइल काढून टाकते आणि इथे कळवते.